न आलेलं वादळ

मुंबईच्या वादळांचा इतिहास शोधायला बसलं की पहिली गाठ पडते ती ६ जून १८८२ या तारखेशी. जगातल्या सर्वांत भीषण चक्रीवादळांच्या कित्येक याद्यांमध्ये ती ठाण मांडून बसली आहे. ठिकाण मुंबई, मृत एक लाख. नावही भारदस्त आहे, ‘ग्रेट बॉम्बे सायक्लोन’. अडचण एवढीच की हे वादळ झालंच नाही.

पडताळा घेणं अवघड नाही. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. त्यातले लाखभर गेले म्हणजे दर आठ माणसांमागे एक गेला. एवढा संहार झाल्यावर इंग्रजी, गुजराती, मराठी वर्तमानपत्रांनी वर्षभर दुसरा विषय काढला नसता. पुण्यात ‘केसरी’ तेव्हा दीड वर्षाचा झाला होता, आणि त्याच उन्हाळ्यात त्याच्या संपादकांचं सगळं लक्ष मुंबईच्या हायकोर्टाकडे लागलं होतं. कोल्हापूर प्रकरणातला बदनामीचा खटला तिथे चालला, जुलैत टिळक-आगरकरांना शिक्षा झाली आणि दोघांची रवानगी डोंगरीच्या तुरुंगात झाली. आगरकरांनी त्या एकशे एक दिवसांवर पुस्तकच लिहिलं. आठातला एक माणूस मेलेल्या शहरात पुढच्याच महिन्यात न्यायाधीश, वकील, ज्यूरी, पहारेकरी सगळे आपापल्या जागी हजर होते असं मानायचं, तर मुंबईकराच्या सुप्रसिद्ध चिवटपणालाही ते जरा जड जाईल.

तरी ही नोंद एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत गेली. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळ किनाऱ्याकडे निघालं तेव्हा ती पुन्हा वर आली. तिच्या जोडीला दुसरं एक वाक्य सगळीकडे फिरत होतं: मुंबईवर १२९ वर्षांनी चक्रीवादळ येतंय. या वाक्यात तथ्य असलंच तर ते फक्त जून महिन्यापुरतं. १८९१ नंतर जूनमध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असं वादळ चढून आलं नव्हतं, एवढाच मूळ मुद्दा. पण बातमी होता होता महिना गळून पडला, आणि त्याबरोबर १९४८ गेलं, २००९ गेलं. न झालेलं वादळ तोंडपाठ आणि झालेली पुसून टाकलेली, अशी पश्चिम किनाऱ्याची रीत आहे.

खऱ्या वादळांची यादी काढायची तर ती पोर्तुगीज अमदानीपासून काढावी लागते. मे १६१८ मध्ये वसई आणि मुंबई परिसराला जबर तडाखा बसला. जेझुइट पाद्र्यांनी मागे ठेवलेल्या वर्णनांत चर्चची उडालेली छपरं आहेत, जमीनदोस्त घरं आहेत आणि आगाशीकडच्या मुळासकट उपटलेल्या माडांची बनं आहेत. त्या रात्री समुद्र शहर गिळणार, अशी लोकांची खात्री झाली होती. पुढे १७८३ च्या वादळात मुंबईच्या बंदरातच चारशे माणसं बुडाल्याची नोंद आहे. आणि मग नोव्हेंबर १८५४. बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं आणि शहर जोमात होतं. चार तासांत पाच लाख पौंडांची मालमत्ता गेली आणि हजारभर माणसं दगावली, असं मुंबईच्या जुन्या इतिहासांत नोंदलेलं आहे. नांगरलेली गलबतं एकमेकांवर आपटून फुटली, म्हणजे माणसं आणि माल जिथे सुरक्षित समजला जातो तिथेच घात झाला. खोट्या १८८२ च्या मानाने हा हजाराचा आकडा लहान वाटतो, बहुधा म्हणूनच तो कुणी सांगत नाही.

वादळ येतंय हे १८५४ साली कळणार तरी कसं? हवामान खातं अजून जन्मायचं होतं. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली होती खरी, पण तिचा मूळ उद्देश जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि आकाशाचे वेध घेता यावेत हा होता. हवेच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी १८४१ पासून सुरू झाल्या. वायुभारमापकाचा पारा उतरायला लागला की काहीतरी येतंय हे तिथल्या माणसाला समजायचं. मात्र शेकडो मैलांवरच्या समुद्रात काय शिजतंय ते एका ठिकाणच्या पाऱ्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी दहा ठिकाणचे पारे एकाच वेळी पाहावे लागतात आणि ते एकत्र आणायला तारयंत्र लागतं.

ती जुळवाजुळव झाली बंगालमधल्या एका मोठ्या आपत्तीनंतर. ५ ऑक्टोबर १८६४ ला कलकत्त्यावर वादळ आलं, हुगळीतून समुद्राचं पाणी आत घुसलं आणि साठ हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी कलकत्ता बंदरात वादळाचे इशारे लावायला सुरुवात झाली. १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली भारतीय हवामान खातं स्थापन झालं आणि १८८६ पर्यंत इशाऱ्यांची पद्धत दोन्ही किनाऱ्यांच्या बंदरांवर पोचली. कोकणात आजही ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असं म्हणतात ते तिथूनच आलेलं. बावटा म्हणत असले तरी प्रत्यक्षात दिवसा काठीवर शंकू आणि नळकांडी चढवतात आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे टांगतात. मोठ्या बंदरांवर असे अकरा इशारे असतात. एक नंबर म्हणजे दूर कुठेतरी गडबड आहे. तीन म्हणजे बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा सामना करावा लागेल. दहा म्हणजे महाभयंकर. शेवटचा, अकरावा इशारा मात्र वेगळ्याच जातीचा. हवामान कचेरीशी संपर्क तुटलाय आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला स्वतःला धोका वाटतोय, अशा वेळी तो लावायचा. बातमीच थांबली तर तीही बातमीच समजावी, हे सरकारी नियमावलीत लिहून ठेवणारा माणूस दर्यावरून आलेला असणार.

पण बावटा दिसायला माणूस बंदरात असावा लागतो. एकदा नांगर उचलला की किनाऱ्याला काय कळलं ते बोटीला सांगायची सोय एकोणिसाव्या शतकात नव्हती.

‘वैतरणा’ ही आगबोट याच फटीत सापडली. स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथला १८८५ मध्ये बांधलेली ही जेमतेम १७० फुटी बोट कच्छच्या मांडवीहून मुंबईला उतारूंची ने-आण करायची. तीस तासांचा प्रवास, भाडं आठ रुपये. तिच्यावर विजेचे दिवे होते. कंदिलाच्या जमान्यात रात्रीच्या समुद्रात झगमगत जाणाऱ्या या बोटीला लोकांनी ‘वीजळी’ म्हणायला सुरुवात केली आणि तिचं खरं नाव कागदोपत्रीच उरलं. ८ नोव्हेंबर १८८८ ला ती दुपारी मांडवीहून निघाली. द्वारकेला आणखी उतारू चढले आणि आकडा सातशेच्या वर गेला. त्यांत मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती आणि लग्नाची वऱ्हाडंही होती. हवा बिघडलेली पाहून पोरबंदरला न थांबता बोट तशीच मुंबईच्या दिशेने पुढे निघाली. संध्याकाळी मांगरोळजवळ ती काहींना दिसली. रात्री वादळाने गाठलं.

मुंबईला ती आलीच नाही. शोधायला दुसऱ्या आगबोटी पाठवल्या, पण फळकुटसुद्धा हाती लागलं नाही आणि सांगाडा आजतागायत सापडलेला नाही. बळींचा आकडा ७४० च्या पुढे मानतात, लोककथेत तो तेराशेवर जातो. मुंबईत चौकशी झाली तेव्हा बोटीवर जीवरक्षक होड्या आणि इतर साधनं पुरेशी नव्हती असं निघालं. कप्तान कासम इब्राहिम, म्हणजे लोकांचा हाजी कासम, आणि त्याची वीजळी यांच्यावर कच्छ-काठियावाडात गाणी झाली आणि ती अजून गायली जातात. त्या सातशे जणांपैकी बहुतेकांचं मुक्कामाचं शहर मुंबई, पण मुंबईत त्यांची एवढीशी आठवण नाही. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांनी गाणं केलं. ज्यांच्या धक्क्याला बोट लागली नाही त्यांनी काही दिवस वाट पाहिली.

समुद्रातल्या मृत्यूंचं हे असंच होतं. मागे खूण राहत नाही. भूकंपाने पडलेला वाडा, पुराने मोडलेला पूल दाखवता येतो. पानशेतच्या पुराच्या रेषा पुण्यात लोकांनी भिंतींवर रंगवल्या. वादळाने नेलेलं गलबत कुठे दाखवणार?

विस्मरणाचं दुसरं कारण भूगोलात आहे. बंगालच्या उपसागरात चार वादळं झाली तर अरबी समुद्रात साधारण एक होतं, असा जुन्या नोंदींचा हिशेब आहे. त्यातलीही बरीचशी ओमानकडे वळतात, काही वाटेतच विरतात आणि उरलेली गुजरातच्या वाटेला जातात. जून १९९८ मध्ये पोरबंदरजवळ चढलेल्या वादळाने कांडला बंदराची आणि भोवतीच्या मिठागरांची धूळधाण केली तेव्हा हजारांवर माणसं गेली. कोकणाच्या वाट्याला मोठं वादळ इतक्या अंतराने येतं की आजोबांनी पाहिलेलं नातवाला खरं वाटत नाही.

तिसरं कारण पंचांगात दडलंय. कोकणच्या दर्याचं सगळं वेळापत्रक पावसाळ्याभोवती बांधलेलं आहे. मे संपता संपता होड्या वर ओढायच्या, शाकारून ठेवायच्या, जाळी दुरुस्तीला काढायची आणि नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहून दर्या मोकळा झाला असं मानायचं. सरकारची मासेमारीबंदीही आता १ जून ते ३१ जुलै अशी असते. ही शहाणीव शेकडो वर्षांची आहे आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपुरती ती चोख आहे. पण चक्रीवादळं ऐन पावसाळ्यात सहसा होत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये खालचे वारे एका दिशेने आणि वरचे उलट्या दिशेने इतक्या वेगात वाहतात की वादळाची गुंडाळी उभीच राहत नाही. ती धरते पावसाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे, म्हणजे मे-जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. नेमकं तेव्हाच कोळीवाड्याच्या लेखी समुद्र मवाळ असतो, मासळी भरपूर असते आणि होड्या खोल गेलेल्या असतात. १८५४, १८८८, १९४८, २००९ ही सगळी वादळं नोव्हेंबरातली आहेत. नारळ वाहून तीन महिने झालेले असताना आलेली.

१९४८ चं तर मुंबईच्या अंगावरूनच गेलं. २१ आणि २२ नोव्हेंबरला शहरात वाऱ्याचे झोत ताशी १५० किलोमीटरच्या घरात पोचले. अडतीस मृत, सत्तेचाळीस बेपत्ता. फाळणीचे निर्वासित अजून छावण्यांत होते, गांधीहत्येला वर्षही झालं नव्हतं. त्या गदारोळात एका वादळाला किती जागा मिळणार! आज मुंबईबद्दल हवामानशास्त्रज्ञांना धास्ती वाटते ती याच जातीच्या वादळाची, फक्त त्याहून जोरदार आणि भरतीच्या वेळी आलेल्या. अमिताव घोष यांनी मुंबई आणि चक्रीवादळं हा प्रश्न कोलंबिया विद्यापीठातल्या अॅडम सोबेल यांच्यापुढे टाकला आणि त्याबद्दल २०१६ च्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ मध्ये लिहिलं. सोबेल आणि सहकाऱ्यांनी पुढे मुंबईच्या वादळधोक्याचा स्वतंत्र अभ्यास केला. दोन दिवस लोकल बंद पडली तर हवालदिल होणारं शहर अशा प्रश्नाबद्दल एकंदरीत निवांत आहे.

नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ आलं तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे मच्छीमार नेहमीसारखे आत गेले होते. अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान ११ तारखेला ते किनाऱ्यावर चढलं. खोल समुद्रातल्या अनेक होड्या परत आल्या नाहीत. हवामान खात्याचा इशारा आणि तांडेलाच्या कानापर्यंत पोचलेला इशारा यांत किती अंतर असतं ते फयानने दाखवलं. एकविसाव्या शतकातही ती १८८८ चीच फट होती, थोडी अरुंद झालेली.

‘निसर्ग’ची गोष्ट उलटी. ३ जून २०२० च्या दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या टापूत ते चढलं तेव्हा ते येणार हे सगळ्यांना माहीत होतं. उपग्रहाची चित्रं दर तासाला टीव्हीवर होती, हजारो लोकांना आधीच हलवलं होतं, आणि म्हणून माणसं फार थोडी गेली. वारा ताशी ११० किलोमीटरच्या घरात, झोत त्याहून जोराचे. ओडिशात १९९९ साली आलेल्या महावादळापुढे हे काहीच नाही. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. साठचा वारा एकशेवीस झाला तर दणका दुप्पट बसत नाही, चौपट बसतो. खिळ्यांनी ठोकलेले सिमेंटचे पत्रे आणि नुसती रचलेली मंगलोरी कौलं या चौपटीसाठी बसवलेली नसतात. छप्पर आधी कोपऱ्यातून उचकटतं, वारा आत शिरतो आणि मग आतून वर ढकलतो. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांत त्या दुपारी घरांची आढी-वासे उघडे पडले आणि पाऊस तोंडावर होता. टाळेबंदीमुळे चाकरमानी गावी आलेले, घरं माणसांनी भरलेली, आणि ताडपत्री मिळायला दुकानं उघडी नाहीत.

तरी घर सहा महिन्यांत उभं राहतं. वाडीचं तसं नाही. श्रीवर्धन-दिवेआगरची वाडी म्हणजे दाटीने लावलेल्या पोफळी, मधून मधून माड, खाली जायफळ, पोफळीवर चढवलेले मिरवेल, कडेला केळी आणि कोकम. पोफळ सरळ, बारीक, साठ-सत्तर फूट उंच आणि मुळं वरवरची. एरवी शेजारची झाडं एकमेकांचा वारा अडवतात म्हणून ती टिकते. समुद्राकडची पहिली रांग गेली की मागच्यांचा आडोसा जातो आणि एक दुसरीला घेऊन पडते. निसर्ग गेल्यावर वाड्यांमध्ये शिरायलाच वाट नव्हती, पोफळी पत्त्यांसारख्या एकावर एक कोसळल्या होत्या. त्यांच्याखाली जायफळ चिरडलेलं, पाटाचं पाणी तुंबलेलं, विहिरीवर आडवे माड. झाडं कापायला यांत्रिक करवती हव्यात, त्यांना इंधन हवं, चालवायला जवान माणूस हवा. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. काही गावांत वीज यायला महिना लागला.

श्रीवर्धनी रोठा हे साधंसुधं पीक नव्हे. मोठी, आतून पांढरी आणि मऊ फुटणारी ही सुपारी बाजारात वेगळा भाव खाते आणि तिच्यासाठी कृषी विद्यापीठाचं स्वतंत्र संशोधन केंद्र श्रीवर्धनला आहे. रोप लावल्यापासून उत्पन्न हातात यायला सहा-सात वर्षं जातात आणि जायफळाला त्याहून जास्त. भरपाईचा हिशेब आधी हेक्टरवर झाला, पन्नास हजार रुपये हेक्टरी. इथे वाड्या गुंठ्यात मोजतात. पाच गुंठ्यांत शंभर-दीडशे पोफळी उभ्या असणाऱ्याच्या हाती त्या हिशेबाने अडीच हजार रुपये येत होते. ओरड झाल्यावर झाडामागे दर ठरला, माडाला २५० आणि पोफळीला ५० रुपये. पडलेली एक पोफळ तोडून वाडीबाहेर काढायची मजुरी त्याहून अधिक होत होती. मैदानी शेतीसाठी केलेला नियम कोकणात आणून बसवला की काय होतं त्याचा हा उत्तम नमुना म्हणावा लागेल.

वर्षभरात ‘तौते’ आलं. ते किनाऱ्याला समांतर वर गेलं आणि १७ मे २०२१ च्या रात्री गुजरातेत उन्याच्या बाजूला चढलं. मुंबईपासून ते बरंच दूर होतं, तरी कुलाब्याला झोतांची नोंद ताशी ११४ किलोमीटर झाली. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात त्या वेळी ‘पी-३०५’ नावाची बार्ज कामगारांच्या निवासासाठी उभी होती. तिला स्वतःचं इंजिन नव्हतं. इशारे चार-पाच दिवस आधीपासून येत होते आणि आजूबाजूची बरीच जहाजं बंदराला परतली होती. ही बार्ज मात्र प्लॅटफॉर्मपासून थोडी बाजूला नेऊन नांगरून ठेवण्यात आली. रात्री नांगर तुटत गेले, बार्ज प्लॅटफॉर्मवर आदळली, बुडाला भोक पडलं आणि १७ तारखेच्या संध्याकाळी ती बुडाली. बार्जवर २६१ माणसं होती. ‘आयएनएस कोची’ आणि ‘आयएनएस कोलकाता’ यांनी खवळलेल्या समुद्रातून १८० च्या वर माणसं काढली. बाकीच्या सत्तरहून अधिक जणांचे मृतदेह पुढचे कित्येक दिवस मुंबईपासून रायगड आणि गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत लागत होते. जीवरक्षक तराफ्यांपैकी बरेच फाटके निघाले, असं वाचलेल्यांनी सांगितलं. चौकशी समिती नेमली गेली, पोलिसांत गुन्हा दाखल झाला. आणि टीव्हीच्या पडद्यावर तेव्हाही, पश्चिम किनाऱ्यावरची आजवरची मोठी वादळं म्हणून जी पट्टी सरकत होती तिच्यात १८८२ होतं.